नावाची चौकट रिकामी

किर्गिझस्तानातल्या नारिनमध्ये राहणाऱ्या कुंदुझने दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या संकेतस्थळावर आजोबांचं नाव सात तऱ्हांनी लिहून पाहिलं. ऐंशी ओलांडलेली आई मागे येरझाऱ्या घालत होती. "माझ्या बाबांना कुठं पुरलंय तेवढं तरी कळू दे गं." युद्धात ते बेपत्ता झाल्याचं पत्र आल्यावर आजीने दुसरं लग्न केलं होतं.

शेवटी कुंदुझने नावाची चौकट रिकामी ठेवून फक्त जन्मगाव आणि जन्मसाल टाकलं. चार नावं आली. तिसरं आजोबांचंच होतं, एक अक्षर चुकलेलं.

"आई, ते परत आले होते. १९८५ साली हयात सैनिकांना दिलेलं पदक मिळालंय. पत्ता डोंगरापलीकडच्या अत-बाशीचा."

आई खाली बसली.

"तिकडचा एक लंगडा माणूस माझ्या लग्नात येऊन रडला होता. तुझी आजी म्हणाली, त्याला चहा दे, नाव विचारू नकोस."