डाव्या हाताचा फोटो

"एकोणीस पूर्ण," म्हणत डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या काचेवरून ओढून काढली. बघायला त्यांना अर्धं मिनिटही लागलं नव्हतं.

एक्स-रेवाल्या ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बंदरावरच्या त्या सरकारी दवाखान्यात बाहेर बाकावर बसलेली पोरगी सोळा वर्षांची होती. ती स्वतः सांगत होती, तिचा नऊ वर्षांचा भाऊ सांगत होता, आणि चेहरा तर आंधळ्यालाही सांगत होता. जन्माचा दाखला घराबरोबर जळाला होता. म्हणून सरकारने तिच्या डाव्या मनगटाला वय विचारलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण इथे हात दाखवल्याशिवाय सुटकाच नव्हती.

सहा शेजारी देशांनी मिळून करार केला होता. आसऱ्याला आलेलं लेकरू अठराच्या आतलं असेल, तर सहांपैकी ज्या देशात त्याचे नातेवाईक असतील तिथे त्याला पोचवायचं. या दोघांची मावशी पलीकडच्या देशात डोळ्यांत प्राण आणून बसली होती. पण अठरा उलटली असतील, तर आल्या वाटेने परत. म्हणजे भाऊ एकटाच मावशीकडे, आणि पोरगी गुरुवारच्या बोटीने तिथेच, जिथून ती जीव मुठीत धरून पळाली होती. गार खोलीत बसून मंत्र्यांनी उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या. हाडं ताडून बघायचं पुस्तकही त्यांनीच ठरवून दिलं होतं. त्यातले हात साठ वर्षांपूर्वीच्या मुलांचे. हल्लीची मुलं लवकर वाढतात, हे बारावी पास ताईंना कळत होतं. पुस्तकाला कोण सांगणार?

ताईंनी फेरतपासणी मागितली. ती एकदा मिळते, असा नियम होता. डॉक्टर वैतागले. अजून चाळीस हात बघायचे होते. हाड खोटं बोलत नाही, असं त्यांनी ताईंना सुनावलं. आपण तोंड बघून निकाल देत नाही, म्हणून तर या फिल्मवर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो, हेही वर ऐकवलं.

ताईंनी पोरीला आत नेलं. तिने न सांगताच हात टेबलावर पालथा ठेवला आणि विचारलं, भावाला एकट्याला नेतील का? ताईंना खोटं बोलवेना आणि खरंही सांगवेना. त्यांनी मशीन सुरूच केलं नाही. कपाटातून गेल्या महिन्यातलं एक पाकीट काढलं आणि त्यातल्या फिल्मच्या कोपऱ्यावर पोरीचा क्रमांक चिकटवला. नोकरी जाईल हे त्यांना ठाऊक होतं. गेली तर गेली, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या.

डॉक्टरांनी ती फिल्म काचेवर लावली. पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. मागाहून कुणी बोल लावायला नको म्हणून या वेळी चांगलं मिनिटभर बघितलं. मग पुन्हा तेच लिहिलं: एकोणीस पूर्ण, परत पाठवण्यास हरकत नाही. खाली सही ठोकली.

"साहेब, गेल्या महिन्यात तुमची धाकटी सायकलवरून पडली होती," ताई म्हणाल्या. "डावं मनगट मुरगळलं म्हणून तुम्हीच तिला इथे घेऊन आलात. फोटो मी काढला. हा तोच."

डॉक्टरांनी क्रमांकाची चिठ्ठी नखाने उचकटली. खाली त्यांचंच आडनाव होतं. धाकटीला नुकतंच सोळावं लागलं होतं. ते घाईघाईने सही केलेला कागद ओढायला गेले, तर ताईंनी तो पंजाखाली दाबून धरला आणि बाहेरच्या पोरीची पहिली फिल्म त्या फिल्मशेजारी काचेवर लावली.

"सही तुमचीच आहे," त्या म्हणाल्या. "आता सांगा, गुरुवारच्या बोटीत यातल्या कोणत्या पोरीला बसवू?"