डिस्क काढल्यावर

प्रोग्रामरची बायको गेल्याचं कळलं त्या दिवशी त्याच्या सासूबाई हृदयाच्या ऑपरेशननंतर मेव्हण्याकडे, दुसऱ्या गावी अंथरुणावर होत्या. मेव्हणा म्हणाला, "दाजी, आईला तुम्हीच सांगा. माझ्याच्यानं नाही व्हायचं." तो हो म्हणाला.

महिन्याभरानं तो कामावर आला. चालू मशीनमधून डिस्क काढली की मशीन कोलमडत होतं. त्यानं डिस्क चालवणाऱ्या प्रोग्रामचा, म्हणजे ड्रायव्हरचा, कोड उघडला आणि सहकारिणीला विचारलं, "डिस्क निघाल्याबरोबर तिच्यासाठी राखलेली मेमरी मोकळी करतेस?"

"डिस्कच नाही म्हटल्यावर ठेवायची कशाला, सर?"

"अगं, डिस्ककडून माहिती आणायला निघालेल्या, वाटेत असलेल्या मागण्या तिथंच येऊन धडकणार. आधी प्रत्येकीला डिस्क गेल्याचं सांगायचं. शेवटची परत फिरली की मगच मेमरी सोडायची."

"आणि एखादीला सांगितलंच नाही तर?"

"ती ताटकळत बसते. मग आपल्यालाही काही सोडता येत नाही."

तेवढ्यात त्याच्या टेबलावर बायकोचा फोन वाजला. सासूबाई होत्या.

"परत तुम्हीच, जावईबापू? माझ्या लेकीनं फोन धरायला नवरा ठेवलाय वाटतं!"

"अंघोळीला गेलीय."

"भर दुपारी? केस धुवत असेल. वाळले की फोन करायला सांगा हं."

"सांगतो," तो म्हणाला आणि फोन चार्जिंगला लावला.

सहकारिणीनं संध्याकाळपर्यंत ड्रायव्हर दुरुस्त केला. सासूबाईंना सांगायचं अजून राहिलंय.