बंगल्यातली शेवटची खोली

१९५८च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शेजारच्या तापीबाईंनी आम्हाला आमरस वाढला.

"रस इतका गार कसा हो, मावशी?"

"बंगलाना गुण शे, पोरी. चाल, दाखाडस."

मुंबईच्या आर्किटेक्टनं त्यांच्या सासऱ्यांना बांधून दिलेला बंगला त्या कौतुकानं एकेक खोली उघडून दाखवत होत्या. इकडे कडेवरच्या बाळाला शी लागलेली, माझा जीव टांगणीला.

"मावशी, संडास कुठाय?"

"घरमा संडास? छी माय! आम्ही वावरमा जातस."

शेवटची खोली उघडली. पांढऱ्या फरशीवर चिनीमातीचा लख्ख कमोड! देवच पावला. मी घाईनं बाळाची चड्डी सोडली.



"थांब, पोरी! आंबा भिजाडानं भांडं शे ते!"