शनिवारची कोथिंबीर

सुनेत्राबाईंनी गाण्याची पहिली ओळ उचलली तेव्हा त्यांची सून मैथिली तिळगुळाचा डबा फिरवत होती.

"शेजारणीची सून बाई पाटावर बसली,
माझी सून बेसबॉलच्या धुळीत घसरली."

आखाती शहरातल्या अल मनखूल वस्तीतल्या त्या फ्लॅटमध्ये दाटीवाटीने बसलेल्या बायका खोखो हसल्या. समोरच्या फ्लॅटमधल्या शहनाझने ताटावर ठेका धरला. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला, हळदीकुंकवात, सासूने तिच्यावर गाणं रचून म्हणायचं, ही सुनेत्राबाईंच्या माहेरची रीत. झोंबेल तेवढं चांगलं. सुनेने रागवायचं नाही.

मैथिली रागावली नव्हती, घाबरली होती. लग्न ठरतानाच सुनेत्राबाईंनी बजावलं होतं, आमच्याकडे आलीस की उन्हात दांडकं घेऊन हुंदडणं खलास. मैथिलीने मान हलवली होती. आणि हिवाळा लागल्यापासून दर शनिवारी ऑफिसचं ट्रेनिंग सांगून ती गाडी थेट शहराबाहेरच्या बेसबॉलच्या मैदानावर नेत होती. येत्या शनिवारी फायनल होती. आता कसली फायनल.

"चार चेंडू वाकडे पडले, हिला मोकळी वाट,
न मारताच पुढं निघाली, काय बाई थाट."

गुपित एकट्या सिद्धांतला माहीत होतं. नवरा कसला, गळका माठ. मैथिलीने स्वयंपाकघराच्या दाराकडे रोखून पाहिलं. 'मी नाही सांगितलं' अशा अर्थाने सिद्धांतने दोन्ही हात वर केले. आणि ते खरंच असावं. शनिवारी त्याची रास अल खैमाला ड्यूटी. मैदान त्याने कधी पाहिलं नव्हतं. चार वाकड्या चेंडूंचा नियम तर समजावूनही त्याच्या डोक्यात शिरला नव्हता.

शनिवारी घरात कोणीच नसायचं. सुनेत्राबाईसुद्धा टॅक्सी करून खाडीपलीकडच्या देऱ्याच्या बाजारात जायच्या. दुपार कलल्यावर मलूल कोथिंबीर घेऊन परतायच्या आणि भाजीवाल्याचा उद्धार करायच्या.

सुनेत्राबाईंनी पदर खोचला.

"दांडकं उचलण्याआधी इकडं तिकडं बघते,
मंगळसूत्र शर्टाच्या आत हळूच कोंबते."

हशा उसळला. मैथिलीचा हात गळ्याकडे गेला. ही सवय तिने सिद्धांतलाही सांगितली नव्हती. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय? ते दिसायला तिथं असावं लागतं.

बायका वाण लुटायला उठल्या. मैथिली सासूच्या शेजारी टेकली. अंगावरचे हलव्याचे दागिने चुरचुरले.

"आई, तुम्ही तिथं..."

"पहिल्यांदा तुला धरायलाच आले होते," सुनेत्राबाई म्हणाल्या. त्यांनी तिच्या तळहातावर तिळगूळ ठेवला आणि आवाज खाली आणला. "या शनिवारी मला तुझ्याच गाडीतून ने. कोथिंबीर येताना घेऊ. तुझा खेळ संपेपर्यंत सुकते ती."