टाचेवरची गाठ

"पण गेली कशानं गो?"

"मला काय ठाऊक, आये?" सारिका म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

हौसाने मांडीवरची लेकीची टाच अंगठ्याने पुन्हा चाचपली. उजवी झाली, डावी झाली. दिवाळीला दोन्हींवर आवळ्याएवढी गाठ होती. आता गाठ नाही, बाजूचे घट्टे नाहीत, घोट्यापुढचा बुटाच्या नाडीचा काळा वळसुद्धा नाही.

आनंद व्हायला हवा होता. हौसाला पडलं कोडं.

कारण गाठ आपणच घालवली म्हणणारे तिघे होते. धसईचा भगीरथ वैद्य म्हणे, माझा पाल्याचा लेप. नणंद सरस्वतीने म्हसा गावच्या देवाला नारळ बोलला होता. ती श्रेय देवाला द्यायची, पण आधी स्वतःचं नाव सांगून. आणि नवरा पंढरी! त्याने मुरबाडहून लेकीच्या स्केटिंगच्या बुटांच्या टाचा साच्यावर फुगवून आणल्या होत्या. "दुखणं पायाला नव्हतंच, बुटाला होतं," असं तो वैशाखरे गावाच्या नाक्यावर भेटेल त्याला ऐकवायचा.

हौसाला खरा उपाय कळायलाच हवा होता. सारिका शाळेत चाकांवरचं स्केटिंग शिकली, मग सरांनी तिला मुंबईच्या मॉलमधल्या बर्फावर उतरवलं. तेव्हापासून दर रविवारी पहाटेची एसटी. होळीआधी राज्याच्या संघाची निवड होती. बर्फावरचा बूट पाऊल आवळूनच धरतो. सैल असला तर पोर पडते. म्हणजे गाठ पुन्हा येणार. ऐन निवडीच्या तोंडावर भलत्याच उपायावर भरवसा ठेवून बसलं तर?

तिने मनात महिने लावून पाहिले. लेप मार्गशीर्षात लागला. नारळ त्यानंतर बोलला. बूट तर संक्रांत उलटल्यावर फुगवले. आणि गाठ? ती कार्तिकातच बसायला लागली होती. तिघेही उशिरा पोचलेले!

डोकं चालेना. तिने टाच सोडली, शेजारचं सूप ओढलं आणि तांदूळ पाखडायला घेतले. दोनदा पाखडले आणि हात थांबला. तिने तळवा उताणा केला. कापणीत विळ्याने पडलेले घट्टे कधीच गेले होते. तिथे ना लेप लावला होता, ना नारळ बोलला होता. विळा तेवढा आढ्याला खोचलेला होता.

"सारिका, बर्फावर शेवटची कधी उतरलीस?"

सारिकाने पाय पोटाशी घेतले. "दिवाळीच्या आदी."

"मंग रविवारची जातेस कुठं?"

"तिथंच. काचेबाहेर बसते. बाकीच्या पोरी खेळतात, त्या बघते."

"पडलीस? घाबरलीस का?"

"नाय गो. मला लय आवडतं." सारिकाने मान खाली घातली. "पण घरी आले की तू माझे पाय मांडीवर घेऊन रडायचीस."

हौसाने ते गुळगुळीत पाय पुन्हा मांडीवर ओढले. इतके चांगले पाय बघून इतकं वाईट कसं वाटतं, तेच तिला कळेना.

"येत्या रविवारी मी पण येते," शेवटी ती म्हणाली. "तू आत उतर. काचेबाहेर मी बसते. रडायचं ते तिथंच रडून घेईन."