पहिल्या कढईचं बोट

कढईत उलथनं फिरतंय.

स्टार्च म्हणजे ग्लुकोजची माळ.

पाळण्याला झेंडूचं तोरण.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ.

ब्लाउज पुन्हा ओला.

चरबी म्हणजे ग्लिसरॉल आणि त्याला जोडलेली मेदाम्लं.

सोलापूरच्या डॉक्टरांचा फोन.

डीएनए म्हणजे न्यूक्लिओटाइडांची माळ. त्यातलं एक जरी बदललं, तर

"अगं, पोरगं रडून काळंनिळं झालं. घे की अंगावर!" शेजारच्या हरणाबाई ओरडल्या.

दैवशाला जागची हलली नाही. हा धडा ती भूमच्या कॉलेजात अकरावीला शिकवायची. आता तोच मनात म्हणत, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. हात मोकळे असते तर त्यांनी बाळाला उचलून छातीशी धरलं असतं.

बाळ पिवळं पडलं होतं. प्यायलेलं सगळं ओकत होतं. म्हणून रक्त तपासायला पाठवलं. आज सकाळी डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, दूध बंद. गाईचं, म्हशीचं, आईचं, सगळं. बाळाच्या अंगात त्याचं विष होतंय. सोयाबीनची पावडर पाजा आणि ताबडतोब घेऊन या. नवरा श्रीशैल पावडर आणि गाडी आणायला धावला होता. तेवढ्यात बारसं उरकून घेऊ, असं सासूनं ठरवलं. बायका आधीच जमल्या होत्या.

घर खव्याचं. बारशाला पहिल्या कढईतल्या ताज्या खव्याचं बोट बाळाच्या ओठाला लावायचं, मगच कानात नाव सांगायचं, ही घरची रीत. श्रीशैलला लावलं होतं. त्याच्या बापालाही.

सासू धुरपदाबाई बोटावर खवा घेऊन पाळण्यावर वाकल्या. बाळानं भुकेनं तोंड उघडलं.

दैवशालानं त्यांचं मनगट धरलं.

पाळण्याचं गाणं थांबलं.

"सोड. तिळाएवढा हाय."

"तिळाएवढाही नको, आत्या."

"खव्याच्या घरात दुधाचं विष व्हतंय व्हय? लई शिकलीस म्हणून कायबी सांगशील?"

"आमी काय पावडरीवर वाढलो का गं?" हरणाबाई म्हणाल्या. दोघी-तिघी हसल्या.

"दुधात एक साखर असते," दैवशाला वर्गात बोलायची तशा आवाजात म्हणाली. "पोटात तिचे दोन तुकडे होतात. एक ग्लुकोज. तो याला चालतो. दुसरा गॅलॅक्टोज. तो मोडायला लागणारं प्रथिन याच्या अंगात जन्मापासूनच नाही."

"कशानं न्हाय?" धुरपदाबाईंनी विचारलं.

"थोडा दोष माझ्याकडून आलाय, थोडा यांच्याकडून. आम्हा दोघांना काही होत नाही. दोन्हीकडचा एकत्र आला की लेकराला होतं."

धुरपदाबाईंनी हात ओढायचं सोडलं.

"तुझं दूध बी चालत न्हाय?"

"माझंसुद्धा."

धुरपदाबाईंनी पाळण्यात पाहिलं. मग हळू विचारलं, "आन् हे एकाच लेकराला व्हतंय, का सगळ्यास्नी?"

सकाळपासून दैवशाला याच प्रश्नापाशी एकटी बसली होती. तिनं मनगट सोडलं.

धुरपदाबाईंनी बोट पदराला पुसलं. खवा निघाला तरी पुसतच राहिल्या.

दारात गाडी थांबली. श्रीशैल डबा घेऊन आत आला. दैवशाला कोमट पाण्यात पावडर कालवायला उठली. "आत्या, तोवर याला जरा मांडीवर घ्या."

धुरपदाबाई मागं सरकल्या. भिंत लागेपर्यंत सरकल्या.

"म्या न्हाय. म्या हात लावणार न्हाय त्याला."

तीन वर्षांपूर्वी दैवशालाची पहिली मुलगी बारशाआधीच गेली. ती सुकत चालली, तशा धुरपदाबाई तिला झोपेतून उठवून उठवून आईच्या पदराखाली देत होत्या.