शुक्रवारचं तेल

एफ्राइमने आणखी एक बाटली उघडली आणि तेलाचा थेंब ग्रेसच्या तळहातावर सोडला. तिने तो जिभेवर घेतला आणि मान हलवली. हेही नाही.

रामल्याच्या बाजारात चांगल्या तेलाचं असं हे एकच दुकान. एफ्राइमचा स्वभाव शांत होता. तिचं हिब्रू तुटक असलं तरी त्याने घाई केली नाही. तेल कशासाठी हवंय, एवढंच त्याने विचारलं. वारलेल्या नवऱ्याच्या महिन्याच्या दिव्यासाठी, असं तिने सांगितलं, तेव्हा त्याने मान खाली घातली आणि मागच्या फळीवरची बाटली काढली.

दिव्याला कुठलंही तेल चाललं असतं. शेजारची मलका तेच म्हणाली होती. कोऑपरेटिव्हच्या दुकानातलं घे, रेशनवर मिळतं, जळायला सगळी तेलं सारखीच. पण ग्रेसला येहेझकेलच्या दिव्यात ते गढूळ, खवट वासाचं तेल घालायचं नव्हतं. तो आणायचा तेच हवं होतं.

मुंबईत असताना ऑलिव्हचं तेल म्हणजे औषध. केमिस्टकडून चिमुकली बाटली आणायची आणि दुखऱ्या कानात दोन थेंब घालायचे. इस्रायलमध्ये लोदला आल्यावर त्यातच मासे तळायचे म्हणताच ग्रेसला रडू फुटलं होतं. पहिली वर्षं तिने कोऑपरेटिव्हचं तेल नाक धरून वापरलं.

तिसऱ्या वर्षी हाना गेली. त्यांची एकुलती एक मुलगी. ग्रेसने घरातला आरसा झाकला, पदर फाडला आणि यहुदी रीतीप्रमाणे सुतक धरून सात दिवस जमिनीवर बसली. येहेझकेल बसला नाही. तो खिडकीशी उभा राहायचा. त्याबद्दल ग्रेसने त्याला कधी माफ केलं नाही, आणि त्यानंतर घरात हानाचं नावही निघालं नाही.

पुढच्या हिवाळ्यात तो पहिल्यांदा ते तेल घेऊन आला. रामल्याच्या बाजारात एक जाणकार दुकानदार आहे, म्हणाला. हिरवंगार तेल. पाव बुडवून खाल्ला की घशाशी किंचित मिरची लागल्यासारखं व्हायचं. ग्रेसने तोंडाने कौतुक केलं नाही, पण त्या शुक्रवारी बऱ्याच महिन्यांनी ती पोटभर जेवली. तेव्हापासून रेल्वेच्या वर्कशॉपमधून शुक्रवारी लवकर सुटला की तो रामल्याची बस धरायचा आणि सूर्यास्ताला शब्बाथचा सुट्टीचा दिवस लागायच्या आत बाटली घेऊन परतायचा. पुढे पुढे ग्रेस मलकाला अभिमानाने सांगायची, आमच्याकडे दुकानातलं चालत नाही.

महिन्यापूर्वी वर्कशॉपमध्येच तो इंजिनाला टेकून खाली बसला, तो परत उठला नाही.

एफ्राइमची शेवटची बाटलीही चाखून झाली. ग्रेसने मग नवऱ्याचं वर्णन केलं. उंच, सावळा, खाकी कोट, डोक्याला काळी टोपी. दर शुक्रवारी तुमच्याकडून न्यायचा. बघा, आठवेल.

एफ्राइमच्या डोळ्यांत ओळख उमटली आणि लगेच विझली. तो बाटल्यांची बुचं लावत राहिला. ग्रेसने पुन्हा विचारलं.

“तो माणूस माझ्या दुकानात कधी आला नाही,” एफ्राइम अखेर म्हणाला. “समोरून जायचा. चर्चच्या मागच्या गल्लीत.”

तिथे कोण राहतं, असं तिने विचारलं. त्याला सांगायचं नव्हतं. पण ती उभीच राहिली.

“एक बाई दारात वाट बघत असायची. कडेवर लहान मूल. ते त्याला बघून हात पसरायचं.”

ग्रेसने आभार मानले. बाहेर उन्हात येऊन ती चर्चच्या दिशेने वळली.

सगळं आता सरळ दिसत होतं. शुक्रवारी सकाळी तो नेमाने दाढी करायचा. खिशात चॉकलेट असायचं आणि ते कुणासाठी, हे तिने कधी विचारलं नव्हतं. परत आला की गप्प असायचा, पण ते गप्प राहणं दुःखी नसायचं. तिला वाटायचं, म्हातारा होतोय, मऊ होतोय. महिनाभर ती ज्याच्यासाठी रडत होती, तो तिच्या ताटात दुसऱ्या बाईच्या घरचं तेल वाढत होता.

ती गल्लीत शिरली. त्या बाईला काय बोलायचं हे तिने चालता चालता ठरवलं. तो मेला, एवढंच सांगायचं. मूल असलं तरी सांगायचं. मग तोंड फिरवून निघून यायचं.

शेवटचं घर दगडी होतं. अंगणात तेलाचे डबे उपडे घातले होते आणि दोरीवर छोटे कपडे वाळत होते. चौकटीवर लाकडी क्रूस होता. तो बघून ग्रेसचे पाय थबकले. ती परत फिरलीही असती, पण हात आधीच दारावर पडला होता.

आतून पावलं आली. दार उघडलं. मुलीला कडेवर घेऊन हाना उभी होती. दुसऱ्या धर्मात लग्न केलं म्हणून ग्रेसने जिचं जिवंतपणी सुतक धरलं होतं, तीच.

थोडी जाड झाली होती. कपाळावर तीच बापाची रेघ. आईला बघून तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग हळूहळू उजळत गेला. तिने ग्रेसच्या खांद्यावरून रिकाम्या गल्लीकडे पाहिलं.

“पपांनी आणलंच ना तुला शेवटी,” ती म्हणाली. “ते कुठे मागे राहिले?”